माइकवालीच्या मागे

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात कुकर लावायचा नाही, हा मोठ्या जाऊबाईंचा नियम होता. शिट्टी नेमकी विनोदाच्या ऐन शब्दावर होते, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे शनिवारचं वरण दुपारीच शिजून जायचं आणि दिवेलागणीनंतर आम्ही दोघी टीव्हीसमोर. त्या खाली पाय लांब करून, पुढ्यात निवडायला मेथी. मी दिवाणावर, मांडीत मुलांच्या वह्या. वह्या कधी तपासून झाल्या नाहीत आणि मेथी बऱ्याचदा देठांसकट शिजली.

आमचं घर मलकापुरात, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. दोन भावांचं एकत्र कुटुंब. मी धाकटी सून. माझं माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. मी धामणगाव बढ्याच्या शाळेत मराठी शिकवते आणि रोज एसटीनं ये-जा करते. जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, मोताळ्याकडच्या शेतकरी घरातल्या. शाळा त्यांनी लवकर सोडली, पण बोलायला लागल्या की समोरच्याची सुटका नाही. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही एका घरात राहून आपापल्या वाटेनं चालायचो. भांडण कधी नव्हतं, पण दोघींनी मिळून करण्यासारखंही काही नव्हतं. ते टीव्हीवरच्या शनिवारच्या कार्यक्रमानं दिलं.

कार्यक्रम खोट्या बातम्यांचा होता. कोट-टाय घातलेला, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेला एक माणूस अगदी गंभीर चेहऱ्यानं बातम्या वाचायचा. बातमी अशी की, अमुक गावात नळाला पाणी आल्यामुळे सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली आहे. मग तो म्हणायचा, "आपण थेट जाऊ या नळाकडे." आणि नळाशेजारी हातात भलामोठा माइक घेऊन उभी असायची त्याची प्रतिनिधी. कधी नळाशी, कधी उद्घाटन होऊन पडून राहिलेल्या स्वच्छतागृहाशी, कधी तिसऱ्यांदा भूमिपूजन होत असलेल्या पुलाशी. ती नळाची मुलाखत घ्यायची. "आपल्याला इतक्या दिवसांनी इथे येऊन कसं वाटतंय?" असं इतक्या शुद्ध, गोड मराठीत विचारायची की ताई पोट धरून आडव्या व्हायच्या.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. नळाची बातमी आम्हाला खोटी वाटलीच नाही.

नावानं आम्ही त्यांना कधी बोलावलं नाही. तो चष्मेवाला, ती माइकवाली. ताईंचा जीव चष्मेवाल्यावर. माइकवालीला त्या "पुण्याची पोरगी" म्हणायच्या, कारण तिची जीभ कुठं अडखळायची नाही. मीही तसंच धरून चालले होते.

आणि एका शनिवारी त्या वेळेला वेगळंच काहीतरी लागलं. लहान मुलं मोठ्यांची गाणी म्हणत होती. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. कार्यक्रम बंद झाला होता. का झाला, ते कोणी सांगितलं नाही.

ताई दोन्ही हात मेथीत तसेच ठेवून बसल्या. "आता काय करावं व माय?"

मोठे भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, सरकी-ढेपेच्या दुकानातून नुकतेच आले होते. म्हणाले, "कुकर लावा."

आमची खरी मजा तिथून पुढं सुरू झाली. टीव्हीवरचा कार्यक्रम काय, तो आपल्या पायानं घरात येतो. बंद झालेल्या कार्यक्रमातली माणसं मात्र शोधावी लागतात. आधी मी माझ्या फोनवर चष्मेवाल्याचं पान शोधलं. मग ताईंच्या फोनवर ते लावून दिलं आणि नवीन काही आलं की घंटी वाजेल अशी सोय केली. ती घंटी वाजली की ताई कणकेच्या हातानं पळत यायच्या. तो कोणाच्या तरी पॉडकास्टमध्ये गप्पा मारायला बसला, तर ताईंनी भाकरी थापता थापता अख्खा भाग ऐकला आणि मला रात्री जेवताना सांगितला, माझ्यापेक्षा बरा. तो एका पदार्थांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून आला, तर ताई त्याच्या मागं लागल्या, "खोटं बोलून राह्यला पाह्य. त्याले ते वांगं आवडलं नाई. घास गिळताना डोये पाह्य त्याचे." एका सिनेमात तो नोंदणी कार्यालयातला साहेब होता. तो सिनेमा इथं लागला तेव्हा आम्ही दोघी भरदुपारी गेलो. तो पडद्यावर आला, "साक्षीदार कुठे आहेत?" एवढं म्हणाला आणि गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून पाहिलं. ताईंनी त्यांना सांगितलं, "आमच्या वळखीचा हाय."

माइकवाली मात्र मुद्दाम शोधली नसताना सापडायची. ताईंच्या गुडघ्यासाठी आम्ही दवाखान्यात बसलो होतो, तिथल्या टीव्हीवर हात कसे धुवावेत ते सांगणारी फिल्म चालू होती, बोलणारी ती. शाळेत मी मुलांना एक श्राव्य गोष्ट लावली, तर त्यातली म्हातारी, राणी आणि कावळा असे तिन्ही आवाज तिचेच! मी वर्गातच "अरे!" म्हणून ओरडले. मुलांना वाटलं, बाईंना काही चावलं. त्या दिवशी धामणगावहून परतीची एसटी मला इतकी सावकाश चालल्यासारखी वाटली की विचारू नका. कधी एकदा घरी जाते आणि ताईंना सांगते असं झालं होतं. घरात पाय ठेवला, चपलाही काढल्या नाहीत. "ताई, कावळा कोण आहे सांगा!"

एवढ्या आनंदानं मी घरात कधी आले नव्हते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्यांचं खरं असेल.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी ताईंची घंटी वाजली. चष्मेवाल्यानं फोटो टाकला होता. हातात कागदी पेल्यात चहा, मागं भुसावळच्या फलाटावरची पाटी, खाली ओळ: "नागपूरला प्रयोगासाठी निघालोय."

ताईंनी फोन माझ्या नाकाशी धरला. "भुसावय! आता मलकापूरच येते ना?"

"थांबते का पण ती गाडी इथं?"

भाऊजी सोफ्यावर पेपर वाचत पडले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "थांबते. पानी प्यायले बी टाइम भेटत नाई इतकीच."

ताई तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. डब्यातले ज्वारीचे धापोडे त्यांनी तळायला घेतले. मी म्हटलं, ताई, गाडी येईल, पापड कसले तळता! तर म्हणाल्या, "कोरड्या हातानं जाऊ का त्याच्यापाशी?" तेल तापेपर्यंत त्यांनी साडी बदलली. मी स्कूटी काढली. त्या मागं बसल्या, मांडीवर गरम धापोड्यांची पिशवी, आणि रस्ताभर मला ढोसत होत्या, "हाण ना वं!" मी आयुष्यात इतकी जोरात गाडी चालवलेली नाही. फलाट तिकीट काढून आम्ही आत शिरलो आणि गाडी आलीच.

गाडी समोर उभी राहिल्यावर लक्षात आलं, चष्मेवाला कोणत्या डब्यात आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एसीच्या डब्यांच्या काळ्या काचांतून आतलं काही दिसेना. ताई एकेका काचेवर टकटक करत चालल्या. आतून कोण पाहत असेल, काय म्हणत असेल, देव जाणे. मी त्यांच्या मागं "ताई, अहो ताई" करत. असे दोन डबे झाले आणि तिसऱ्याच्या दारात एक बाई उभी दिसली. साधा कुर्ता, केस वर बांधलेले, चेहऱ्यावर झोप, हातात रिकामी बाटली. फलाटावरच्या नळाकडे पाहत उतरावं की नाही याचा विचार करत होती.

नळ आणि ती. मी ओळखायच्या आधी ताई किंचाळल्या, "अवं, माइकवाली!"

ती दचकली. मग हसली. "मला म्हणताय?"

मी जे तोंडात आलं ते विचारलं, "सर आहेत का आत?"

"आहेत. झोपलेत."

इतक्या धावपळीनंतर माझा चेहरा पडला असणार. पण ताईंनी पिशवी तिच्या हातात कोंबली. "झोपू दे त्याले. तू घे. धापोडे हायत, आताच तयले. उतर ना खाली, पानी भरून घे."

"गाडी सुटन ना काकू!" ती म्हणाली.

सुटेल नाही, सुटन! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिच्याही लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली.

"कुठली व तू?" ताईंनी विचारलं.

"जानेफळची."

जानेफळ! मेहकर तालुक्यातलं. आमच्याच जिल्ह्यातलं! म्हणजे आम्ही ज्या पोरीला पुण्याची, पुण्याची म्हणत होतो, ती आमच्याच रस्त्यांवरून शाळेत गेलेली. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मंग टीव्हीवर तसं काऊन बोलत होती?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गाडी हलली. ताई तिच्याबरोबर चालू लागल्या. मी ताईंचा दंड धरला. तिनं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातात धापोड्यांची पिशवी, आणि ओरडून म्हणाली, "पुढच्या रविवारी या! बुलढाण्याले! माह्या एकटीचा कार्यक्रम हाय, पयलाच! कोनीच नाई येऊन राह्यलं!"

शेवटचा डबा गेला. फलाट रिकामा झाला. ताईंना धाप लागली होती, डोळे लकाकत होते. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "चष्मेवाला गेला चुलीत. रविवारी जाऊ."

तो आठवडा मला अजून आठवतो. तिचं पान आम्ही शोधून काढलं. चष्मेवाल्याच्या पानामागं हजारो माणसं, हिच्या मागं मोजकी. कार्यक्रमाची माहिती तिथं होती. बुलढाण्यातल्या एका वाचनालयाच्या वरचं सभागृह, वेळ दुपारची, प्रवेश सर्वांना. खाली कोणाचा शब्द नव्हता. ताईंनी मला लिहायला लावलं, "मलकापूर येत आहे." मग त्यांनी फोन घेतला आणि जिल्हाभरातल्या नातलगांना सुरुवात केली. मोताळ्याची चुलत बहीण, बुलढाण्यातल्या माझ्या माहेरच्या शेजारणी, चिखलीची भाची. प्रत्येकीला एकच वाक्य, "आपल्या जानेफयची पोरगी हाय, एकटी उभी राहून राह्यली, काऊन नाई येत?" मी शाळेत सहकाऱ्यांना सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, विनोदी आहे ना, मग येतो.

रविवारी गाडी चालवायला भाऊजी आले. म्हणाले, मी आपला गाडीत बसीन. राजूरचा घाट चढताना ताईंनी त्यांना दोनदा सांगितलं की हळू चालवा आणि तीनदा सांगितलं की उशीर होऊन राह्यला.

सभागृहात पंखे फिरत होते आणि अर्ध्याच्या वर खुर्च्या भरल्या होत्या. ताईंची मंडळी मधल्या रांगांत पसरली होती. मागं कॉलेजच्या मुली, निवृत्त मास्तर, अजून काही अनोळखी माणसं. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. ती पडद्याआडून डोकावली, ताईंना पाहिलं आणि तिनं दोन्ही हात जोडले.

कार्यक्रम सुरू झाला. तिनं टीव्हीवरचं काही केलं नाही. हातात माइकही नव्हता. ती जानेफळहून मुंबईला गेलेल्या मुलीची गोष्ट सांगत होती. पहिल्या ऑडिशनला ती "मले" म्हणाली आणि समोरचे साहेब खळखळून हसले. त्यांना वाटलं, हा विनोद आहे. मग तिनं आरशासमोर उभं राहून "मला, मला, मला" घोकलं. ते घोकणं तिनं असं करून दाखवलं की हेडमास्तर खुर्चीतून पुढं झुकले. मी मराठीची शिक्षिका. मी तर हसून हसून रडकुंडीला आले.

या कार्यक्रमात ती रोज संध्याकाळी आईला फोन करते, असा एक भाग होता. आईचं बोलणं मुंबईत कोणाकडून तरी आधी ध्वनिमुद्रित करून आणलेलं. ती कानाला फोन लावून म्हणाली, "हॅलो आई," आणि आवाज आलाच नाही. ती पुन्हा म्हणाली, "हॅलो आई." भोंगा नुसता खरखरला. कोपऱ्यात बसलेला साउंडवाला वायरी ओढत होता. शेवटी त्यानं तिथूनच सांगितलं, "म्याडम, आवाज निघूनच नाही राह्यला."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. तिच्या कपाळावर घाम आला. हा तिचा पहिला प्रयोग होता. ती मंचाच्या कडेला आली, खाली वाकली आणि ताईंना म्हणाली, "काकू, तुमी बोलता का? आईच्या जागी?"

"मी? काय बोलू?"

"मी फोन करते. तुमी उचला. बस."

ताई उठल्या. पदर खोचला. मंचावर जायच्या पायऱ्या बाजूला होत्या, पण तेवढा वळसा घालून जायला त्यांना धीर नव्हता. त्या जागेवरच लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि तळहात कानाला लावला.

"हॅलो आई, मी बोलतेय," ती म्हणाली, टीव्हीवरच्या आवाजात.

"कोन मी?" ताई म्हणाल्या.

पहिल्याच शब्दाला हशा.

"तुझी मुलगी."

"मुलगी असशीन तर आंधी सांग, जेवली का?"

"जेवले."

"काय जेवली?"

"सॅलड."

"म्हंजे काकडी. काकडी म्हंजे काय जेवन झालं?"

कॉलेजच्या मुली पुढच्या खुर्च्यांच्या पाठी बडवायला लागल्या. ताई तर रंगातच आल्या. त्यांनी पावसाचं विचारलं, शेजारणीच्या म्हशीचं सांगितलं, फोनवर कोणाचा आवाज येतो म्हणून उलटतपासणी घेतली. ती उत्तरं देत होती आणि स्वतःच हसू आवरत होती. मग ताई म्हणाल्या, "ते सारं राहू दे. लग्नाचं काय केलं? मले लोकं इचारतात."

"मी लग्नाचं नाई इचारत!"

हा आवाज मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटच्या रांगेत एक बाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, एसटीतून उतरून थेट आल्यासारख्या.

"एकदा बी नाई इचारलं," त्या म्हणाल्या. "मी तिले कवाच तसं म्हनत नाई."

मंचावरची पोरगी जागच्या जागी थिजली. "आई?"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कळलं आणि सभागृहातून एकच आवाज उठला, हसणं आणि आश्चर्य एकदमच. तिनं आईला बोलावलं होतं, पण आईनं घरी पाहुणे आहेत म्हणून नाही सांगितलं होतं, हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. आणि आई जानेफळहून मेहकर, मेहकरहून चिखली अशा एसट्या बदलत, कोणाला न कळवता येऊन मागं बसली होती.

"आन् तुमी कोन व बाई?" आई ताईंना म्हणाल्या. "माह्या पोरीची माय व्हायले?"

ताई डगमगल्या नाहीत. "मी मलकापूरची. तुमी दिसल्या नाई म्हनून उभी राह्यली. घ्या ना मंग, हा घ्या तुमचा फोन." आणि त्यांनी रिकामा तळहात कानावरून काढून मागच्या दिशेनं धरला.

लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आई बसतील खाली. त्या बसल्या नाहीत. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तिथूनच हात कानाला लावला.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. पोरगी मंचाच्या कडेवर पाय सोडून बसली.

"हॅलो, आई."

"बोल."

"कसं वाटलं?"

"काय कसं?"

"मी करते ते."

आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "टीव्हीवर तू इतकी साफ बोले की मले वाटे, रोज मले फोन करते ती पोरगी येगळी आन् हे येगळी. आज दोन्ही एकच वाटल्या."

ताईंनी माझा हात धरला. माझा नव्हे, माझ्या पलीकडं बसलेल्या हेडमास्तरांचा धरला आणि मग माझा. पोरगी नुसती मान हलवत होती, फोनवर ती दिसत नाही हे विसरून.

"आता ठेव," आई म्हणाल्या. "लोकं बसले हायत. आन् काकडीचं त्या बाई बरोबर बोलल्या."

तो हशा कितीतरी वेळ थांबला नाही. पुढचा कार्यक्रम तिनं सगळाच्या सगळा वऱ्हाडीत केला. संहितेत तसं होतं की नाही, मला ठाऊक नाही. शेवटी लोक उभे राहिले. दारापाशी भाऊजी उभे दिसले. गाडीत बसून राहणारे भाऊजी. रुमालानं डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, "लय हसवलं बापा त्या पोरीनं," आणि रुमाल खिशात टाकला.

नंतर वाचनालयाच्या पायऱ्यांवर चहा झाला. दोन आया, म्हणजे खरी आणि मलकापूरची, शेजारी बसल्या होत्या. ताई त्यांना म्हशीचं खरंच सांगत होत्या. माइकवाली माझ्याजवळ आली आणि विचारलं, "सरांना भेटायचं होतं ना तुम्हाला, त्या दिवशी?"

"हो, पण ते झोपले होते," मी म्हटलं.

"धापोडे त्यांनीच संपवले," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो भाग कायमचा बदलला. ध्वनिमुद्रित केलेला आवाज काढून टाकला. आता प्रयोगात ती खराखुरा फोन लावते, जानेफळला, आईला, आणि आवाज भोंग्यातून सगळ्यांना ऐकवते. आईंना वेळ सांगून ठेवलेली असते, पण काय बोलायचं ते सांगितलेलं नसतं. ताई पहिल्यांदा हे ऐकून फुरंगटल्या. "माह्यं काम गेलं म्हना ना." पण पुढच्या प्रत्येक प्रयोगाची घंटी त्यांच्याच फोनवर आधी वाजते आणि जवळपासचा प्रयोग आम्ही सोडत नाही. खामगावला गेलो, जळगावला गेलो. चष्मेवाल्याचं पान अजून आहे ताईंच्या फोनवर. त्याची घंटी त्यांनी मला बंद करायला लावली. दोन घंट्यांत घोटाळा होतो म्हणाल्या.

परवा अकोल्याला गेलो होतो. मोठं नाट्यगृह, वरची बाल्कनीसुद्धा भरलेली. ताईंनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. एवढी माणसं पाहून त्यांना स्वतःच्याच लेकीचं काही असल्यासारखी धडधड होत होती. फोनचा भाग आला. तिनं नंबर लावला. भोंग्यातून रिंग ऐकू आली. एक, दोन, मग आईंचा आवाज, "हां, बोल."

"आई, मी अकोल्याले हाय. समोर लय लोकं हायत."

"हाव का? जेवले का ते लोकं?"

सगळं नाट्यगृह एकदम ओरडलं, "हो!"

"बरं. मंग सांगते काय, इकडं तुह्या मामानं..." आणि आई मध्येच थांबल्या. "अव माय! थांब, थांब. दूध उतू चाललं."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. आणि मग काहीच नाही. नुसतं जानेफळचं स्वयंपाकघर भोंग्यातून ऐकू येत होतं. कुठंतरी चिमण्या, एक भांडं सरकलं, चिमटा खाली पडला. ती मंचाच्या मध्यभागी फोन धरून उभी. खालचं, वरचं, सगळं नाट्यगृह श्वास रोखून थांबलेलं. ओट्यावरचं दूध वाचतं की जातं, एवढंच प्रत्येकाला ऐकायचं होतं. मागच्या रांगेत कोणाला तरी हसू आवरेना, ते त्याच्या शेजाऱ्याला लागलं आणि तिथून पुढं सरकत आमच्यापर्यंत यायला लागलं. ताई खुर्चीच्या अगदी काठावर आल्या होत्या. त्यांनी माझं मनगट आवळून धरलं आणि न राहवून, भर नाट्यगृहात, भोंग्याकडे पाहून ओरडल्या, "फुका मारा वं बाई दुधावर, फुका मारा!"